गृहचित्रफितींचे संपादन व चित्रगुणवत्ता

घरगुती वापराच्या चित्रण-यंत्राने (कॅमेऱ्याने) कौटुंबिक वा सामाजिक प्रसंगांचे घेतलेले आणि चुंबकीय फितीवर किंवा अंकीय (डिजिटल) साधनावर नोंदलेले ध्वनियुक्त चलच्चित्रण म्हणजे गृहचित्रफीत (होम व्हिडिओ) होय. अशा चित्रणातील निवडक भाग योग्य क्रमाने जोडणे, त्यातील दोष कमी करणे व त्याला एकसंध रूप देणे या क्रियेस संपादन म्हणतात. संपादित चित्रणाच्या सर्व चौकटी संगणकाकडून नव्याने तयार करून त्या ठरावीक सांकेतिक स्वरूपात नोंदविणे हा यातील शेवटचा टप्पा असून त्यास अंतिम सांकेतन (रेंडरिंग) म्हणतात. चित्रगुणवत्ता ही चित्राची सुस्पष्टता, रंगांची यथार्थता, हालचालीतील सलगता आणि गोंगाटाचा (संकेतात मिसळलेल्या अनियमित व्यत्ययाचा) अभाव यांवरून ठरते. चित्रणाच्या वेळी जी माहिती फितीवर उतरलीच नाही, ती नंतरच्या कोणत्याही संस्करणाने परत मिळत नाही. आणि जी उतरली आहे ती प्रत्येक टप्प्यावर थोडीथोडी गमावण्याचा संभव असतो. त्यामुळे चित्रगुणवत्ता सुधारणे याचा मोठा भाग ती घटू न देणे हाच आहे.

इतिहास : हौशी चलच्चित्रणाची सुरुवात चित्रपटाच्या अरुंद पट्टीवर झाली. ईस्टमन कोडॅक कंपनीने १६ मिमी. रुंदीची पट्टी १९२३ मध्ये, ८ मिमी. पट्टी १९३२ मध्ये आणि सुपर-८ ही पट्टी १९६५ मध्ये प्रचारात आणली. भारतात ही साधने खर्चिक असल्याने मोजक्याच लोकांपुरती राहिली. अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात अशा चित्रणाचे ठळक उदाहरण म्हणजे अरणगावनजीकचे मेहेराबाद व पिंपळगाव माळवी परिसरातील मेहेराझाद या स्थानांशी निगडित असलेली, मेहेरबाबांच्या (१८९४–१९६९) अनुयायांनी घेतलेली हौशी चलच्चित्रे होत. डच चित्रपटदिग्दर्शक लुई व्हान गास्टेरेन यांनीही १९६७ मध्ये मेहेराझाद येथे चित्रण केले होते.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस ही फीतपद्धती बाजारात आणली. भारतात १९८२ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाल्यानंतर तिचा प्रसार झपाट्याने झाला. पुढील दोन दशकांत जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावी ‘व्हिडिओ शूटिंग’ हा छायाचित्रकारांचा जोडधंदा बनला आणि लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, गावची यात्रा, सहकारी संस्थांचे समारंभ यांच्या कॅसेटी घरोघरी साठल्या. १९९५ मध्ये मिनीडीव्ही ही अंकीय फीत आली. त्यानंतर व्हीसीडी व डीव्हीडी या तबकड्या प्रचारात आल्या आणि अखेरीस फीत मागे पडून स्मृतिपट्ट (मेमरी कार्ड) व मोबाइल दूरध्वनी यांवरील चित्रण रूढ झाले. व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या शेवटच्या ज्ञात उत्पादकाने, म्हणजे जपानच्या फुनाई कंपनीने, २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबविले. कपाटातील फीत अजून शाबूत असली, तरी ती वाचणारे चालू यंत्र दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. अनेक घरांत दिवंगत वडीलधाऱ्यांचा आवाज व वावर यांची एवढीच नोंद उरलेली असल्याने हा प्रश्न केवळ हौशीचा राहिलेला नाही.

फितीवरील संकेताच्या मर्यादा : भारतात स्वीकारलेल्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत दर सेकंदास २५ चौकटी असून प्रत्येक चौकटीत ६२५ रेषा असतात; त्यांपैकी ५७६ रेषा प्रत्यक्ष चित्राच्या असतात. प्रत्येक चौकट दोन क्षेत्रांत विभागलेली असते. पहिल्या क्षेत्रात एकाआड एक रेषा आणि दुसऱ्यात मधल्या राहिलेल्या रेषा येतात. दोन क्षेत्रांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. या रचनेस अंतर्ग्रथित क्रमवीक्षण म्हणतात [⟶ दूरचित्रवाणी].

प्रक्षेपणात दीप्तिसंकेतासाठी (चित्रातील उजेड व अंधार दर्शविणाऱ्या संकेतासाठी) सु. ५ मेगॅहर्ट्झ पट्टरुंदी उपलब्ध असते. व्हीएचएस फितीवर ती सु. ३ मेगॅहर्ट्झ इतकीच उतरते. परिणामी आडव्या दिशेने सु. २४० रेषांइतकाच तपशील टिकतो. वर्णसंकेत तर याहूनही अरुंद पट्ट्यात कोंबलेला असतो व रंगाचा तपशील आडव्या दिशेने जेमतेम ४० रेषांएवढा राहतो. लाल शालूचा रंग काठाबाहेर पसरलेला दिसतो त्याचे कारण हेच होय. १९८७ मधील एस-व्हीएचएस व १९८९ मधील हाय-८ या सुधारित पद्धतींत दीप्तीचे विभेदन सु. ४०० रेषांपर्यंत वाढले. रंगाची स्थिती मात्र फारशी बदलली नाही.

मूळ फितीची निवड : सदृश (ॲनॅलॉग) संकेताची प्रत काढली की गोंगाट वाढतो, कडा बोथट होतात आणि रंगाचा थर मूळ आकृतीपासून किंचित उजवीकडे व खाली सरकतो. जुन्या पद्धतीत दोन यंत्रे जोडून संपादन होत असे. चित्रण-यंत्रातील फीत ही पहिली पिढी, ‘मिक्सिंग’ केलेली संपादित फीत ही दुसरी आणि वधू व वर या दोन्ही पक्षांना दिलेल्या कॅसेटी ही तिसरी पिढी ठरे. नातेवाइकांनी त्यावरून उतरवून घेतलेली कॅसेट चौथ्या पिढीची असे. म्हणून रूपांतरास आरंभ करण्यापूर्वी सर्वांत आधीच्या पिढीची फीत शोधणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय होय. चित्रण-यंत्रातील मूळ कॅसेटी पुष्कळदा छायाचित्रकाराकडेच राहत व पुन्हा वापरल्या जात. तरीही चौकशी करून पाहणे इष्ट असते. त्याच प्रसंगाची व्हीसीडीही उपलब्ध असल्यास तिच्यापेक्षा कॅसेटच आधाराला घ्यावी. व्हीसीडीवरील चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे व दर सेकंदास सु. १·१५ मेगॅबिट इतक्या माहितीत दाबून बसविलेले असते. त्यात दोन क्षेत्रांपैकी एक सामान्यतः वगळलेले असते व गतिमान दृश्यांत चौकोनी ठोकळे दिसतात.

फितीची अवस्था स्थानिक हवामानावरही अवलंबून असते. जिल्ह्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत असल्याने पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत बुरशीपेक्षा धूळ व उन्हाळ्यातील उष्णता यांचा उपद्रव अधिक होतो. पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या फिती तापून वेड्यावाकड्या होतात. याउलट सह्याद्रीला लागून असलेल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात भंडारदरा–घाटघर परिसरात अतिवृष्टी व दीर्घकाळ दमटपणा असतो. तेथील फितींच्या कडांवर पांढरी बुरशी धरण्याचा संभव जास्त असतो. बुरशी लागलेली फीत स्वच्छ केल्याशिवाय यंत्रात घालू नये. ती स्वतः खराब होतेच, शिवाय यंत्राच्या वाचनशीर्षाला चिकटलेले कण पुढील फितींवर जातात. बराच काळ न वापरलेली फीत आधी एकदा पूर्ण पुढे व मागे गुंडाळून घ्यावी.

अंकीय रूपांतर : फीत वाचून तिचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या टप्प्यावर उरलेली गुणवत्ता निश्चित होते. वाचनशीर्ष स्वच्छ असावे व माग (ट्रॅकिंग) नीट जुळविलेला असावा. दीप्ती व वर्ण हे संकेत वेगवेगळ्या तारांनी नेणारी एस-व्हिडिओ जोडणी उपलब्ध असल्यास ती वापरावी. पिवळ्या खुंटीच्या एकाच तारेने दोन्ही संकेत नेल्यास त्यांची परस्परांत सरमिसळ होऊन कडांवर रंगीत ठिपके सरकताना दिसतात. फितीच्या गतीतील सूक्ष्म चढउतारांमुळे रेषा मागेपुढे सरकतात व उभ्या कडा थरथरतात. हा दोष नंतर संगणकावर दुरुस्त करणे फार कठीण असते. त्यासाठी कालाधार-शुद्धक (टाइम बेस करेक्टर) हे साधन वापरतात. ते प्रत्येक रेषा क्षणभर स्मृतीत साठवून नियमित अंतराने बाहेर सोडते. काही उच्च प्रतीच्या फीत-यंत्रांत ते अंगभूतच असते.

नोंद ७२० × ५७६ बिंदू, दर सेकंदास २५ चौकटी व दोन्ही क्षेत्रे अबाधित अशा स्वरूपात करावी. असंपीडित स्वरूपात एक तासाच्या चित्रणास सु. ७५ गिगॅबाइट जागा लागते. एफएफव्ही१ किंवा हफवायूव्ही यांसारख्या, माहिती न गमावणाऱ्या संपीडनाने ती बऱ्याच अंशी कमी होते. डीव्ही स्वरूपात तासाला सु. १३ गिगॅबाइट पुरतात. परंतु त्यात सु. पाचास एक या प्रमाणात संपीडन होऊन थोडी हानी होते. मिनीडीव्ही फितीवरील चित्रण मात्र मुळातच या स्वरूपात असल्याने फायरवायर जोडणीने ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे. ते सदृश तारेने पुन्हा नोंदविणे चुकीचे होय.

रूपांतराच्या वेळी संकेताची पातळी तपासणे महत्त्वाचे असते. अंकीय चित्रात काळ्याची पातळी १६ व पांढऱ्याची २३५ मानतात. भर उन्हात पांढरे धोतर, टोपी किंवा फेटा यांचे चित्रण असेल, तर पातळी वरच्या मर्यादेबाहेर जाऊन कापडाच्या चुण्या एकसारख्या पांढऱ्या डागात नाहीशा होतात. पातळी आधीच थोडी उतरवून घेतल्यास फितीवर असलेला तपशील टिकतो. एकदा कापला गेला की तो पुढे कोणत्याही रंगसंस्काराने परत येत नाही.

चलच्चित्र-पट्टीचे रूपांतर : जुन्या ८ मिमी. पट्टीवरील चित्रण सामान्यतः सेकंदास १६ व सुपर-८ वरील १८ चौकटींच्या वेगाने झालेले असते. ते भिंतीवर प्रक्षेपित करून चित्रण-यंत्राने टिपल्यास लुकलुक होते. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे टिपून मूळ वेगाने मांडल्यास माणसांची चाल नैसर्गिक राहते. ती सेकंदास २५ चौकटींनी दाखविल्यास माणसे अकारण धावताना दिसतात.

क्षेत्रांचे एकत्रीकरण : आधुनिक पडदे संपूर्ण चौकट एकाच वेळी दाखवितात. त्यामुळे अंतर्ग्रथित चित्रणातील हलत्या वस्तूंच्या कडांवर फणीच्या दातांसारख्या रेषा दिसतात. त्या घालविण्यासाठी एक क्षेत्र टाकून दिल्यास उभा तपशील निम्मा होतो. दोन क्षेत्रे एकमेकांत मिसळल्यास हालचालीमागे सावली उमटते. प्रत्येक क्षेत्रापासून हालचालीचा अंदाज घेऊन एक पूर्ण चौकट बनविणे व सेकंदास ५० चौकटी ठेवणे ही पद्धत सर्वांत चांगली होय. क्यूटीजीएमसी व बीडब्ल्यूडीआयएफ हे या प्रकारचे विनामूल्य मिळणारे गणनक्रम आहेत. लेझीम किंवा वरातीतील नाच अशा दृश्यांत यातील फरक सहज जाणवतो. कोणते क्षेत्र आधी येते हे येथे अचूक सांगावे लागते. डीव्हीमध्ये खालचे क्षेत्र आधी असते, तर अनेक रूपांतर-साधनांत वरचे. क्रम चुकल्यास हालचाल दोन पावले पुढे, एक मागे अशी हिसके देत होते.

गोंगाट व कडा : अपुऱ्या उजेडात घेतलेल्या चित्रणात वाळूसारखे कण सतत उसळताना दिसतात. हे कण प्रत्येक चौकटीत वेगळे असतात, उलट खरे चित्र सलग चौकटींत सारखे असते. म्हणून लागोपाठच्या चौकटींची सरासरी काढल्यास गोंगाट घटतो. चार चौकटींच्या सरासरीने तो सु. निम्मा होतो. हालचाल असलेल्या भागात मात्र हालचालीचा माग काढूनच सरासरी घ्यावी लागते. एकाच चौकटीतील शेजारचे बिंदू मिसळून गोंगाट घालविण्याची पद्धत सोपी असली, तरी तीत चेहऱ्यावरील सुरकुत्या, नऊवारीचे काठ, दगडी भिंतीचा पोत हेही पुसले जातात व चेहरे मेणाचे वाटू लागतात. गोंगाट पूर्ण नाहीसा करण्यापेक्षा तो डोळ्यांना खुपणार नाही इतपत कमी करणे श्रेयस्कर होय. कडा ठळक करण्याची क्रिया सर्वांत शेवटी व अल्प प्रमाणात करावी. व्हीएचएस यंत्रे स्वतःच कडा ठळक करीत असल्याने अतिरेक झाल्यास आकृतींभोवती पांढरी किनार उमटते.

रंग : संध्याकाळच्या लग्नात हॅलोजन दिव्याचा प्रकाश सु. ३,२०० केल्व्हिन रंगतापमानाचा, तर दिवसाचा प्रकाश सु. ५,६०० केल्व्हिनचा असतो. चित्रण-यंत्र दिवसाच्या प्रकाशाला जुळविलेले राहिल्यास मांडवातील सर्व काही पिवळट येते. दुरुस्तीसाठी दृश्यात निश्चितपणे पांढरी असलेली वस्तू, उदा., टोपी किंवा अक्षतांचे ताट, आधार म्हणून घ्यावी. नंतर चेहऱ्याचा वर्ण पाहून ताळा करावा. मूळ सावळा वर्ण उजळ करणे ही रंगदुरुस्ती नव्हे. जुन्या व उच्च विभेदनाच्या चित्रफितींची रंगसूत्रे भिन्न आहेत (अनुक्रमे बीटी.६०१ व बीटी.७०९). आकार वाढविताना सूत्र न बदलल्यास किंवा त्याची नोंद चुकल्यास हिरव्या व लाल छटा किंचित सरकतात.

आकार : जुने चित्र ४ : ३ प्रमाणाचे असते. नोंदीतील बिंदू चौरस नसल्याने ७२० × ५७६ चे चित्र संगणकावर सु. ७६८ × ५७६ असे दाखवावे लागते. रुंद पडदा भरण्यासाठी ते ताणल्यास माणसे बुटकी व जाड दिसतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या ठेवाव्यात. चित्राच्या तळाशी वाचनशीर्ष बदलताना येणाऱ्या काही फाटक्या रेषा काळ्या पट्टीने झाकता येतात. १,४४० × १,०८० असे विवर्धन करावयाचे असल्यास ते क्षेत्रांच्या एकत्रीकरणानंतरच करावे. आधी केल्यास दोन क्षेत्रांतील रेषा एकमेकांत कायमच्या मिसळतात. एकूण क्रम एकत्रीकरण, गोंगाट-निवारण, रंगदुरुस्ती, विवर्धन, कडा व अंतिम सांकेतन असा ठेवावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली विवर्धन-साधने अलीकडे सहज उपलब्ध झाली आहेत. ती असंख्य चित्रांवरून शिकलेल्या नमुन्यांच्या आधारे हरवलेला तपशील भरून काढतात. हा तपशील फितीवरून घेतलेला नसून अनुमानाने रचलेला असतो. दूरच्या, लहान दिसणाऱ्या चेहऱ्यांत डोळे व ओठ अशा रीतीने नव्याने बनतात आणि तो चेहरा सुस्पष्ट पण परका होतो. ज्या आजीचे दुसरे छायाचित्रच नाही, तिच्या बाबतीत पुढील पिढी या रचलेल्या चेहऱ्यालाच खरा मानण्याचा धोका असतो. म्हणून अशी प्रत काढल्यास तसा स्पष्ट उल्लेख तिच्या नावात करावा व अस्पर्शित प्रत सोबत ठेवावी.

अंतिम सांकेतन : संपादनाच्या दरम्यान चित्रफीत वारंवार संपीडित स्वरूपात साठवून पुन्हा उघडल्यास प्रत्येक वेळी हानी होते. त्यामुळे मधल्या सर्व प्रती हानिरहित स्वरूपात ठेवून हानिकारक संपीडन शेवटी एकदाच करावे. यासाठी २००३ मध्ये प्रमाणित झालेले एच.२६४ हे सांकेतन बहुतेक सर्व उपकरणांवर चालते. २०१३ मधील एच.२६५ कमी जागेत तितकीच गुणवत्ता देते, पण जुन्या उपकरणांवर अडते. दर सेकंदाच्या बिटसंख्येपेक्षा स्थिर गुणवत्ता हा निकष निवडणे बरे. एक्स२६४ या प्रचलित सांकेतकात १६ ते २० हा गुणवत्तांक गृहचित्रफितींना पुरेसा असतो. अंक जितका लहान तितकी गुणवत्ता जास्त. गोंगाट उरलेल्या चित्रास अधिक बिट लागतात, कारण सांकेतक प्रत्येक कण नवी माहिती समजतो.

जागा ठरलेली असेल तेथे मात्र बिटसंख्येचा हिशोब करावा लागतो. ४·७ गिगॅबाइटच्या डीव्हीडीवर दोन तासांचे चित्रण बसविताना ध्वनीसह दर सेकंदास सु. ५ मेगॅबिट मिळतात. चार तासांचे संपूर्ण लग्न त्याच तबकडीवर बसविल्यास निम्मेच. अशा वेळी दोन तबकड्या वापरणे किंवा काटछाट करणे हाच उपाय होय. मोबाइलवरील संदेश-सेवा पाठविलेली चित्रफीत पुन्हा दाबून लहान करतात. ती ‘दस्तऐवज’ म्हणून पाठविल्यास मूळ गुणवत्ता टिकते.

नवीन चित्रण : मोबाइल दूरध्वनीवरील चित्रणाचे विभेदन जुन्या फितीच्या कितीतरी पट असले, तरी त्याचे दोष वेगळे आहेत. चौकटींची गती उजेडानुसार बदलती असल्याने संपादनात ध्वनी व ओठांची हालचाल यांत हळूहळू अंतर पडते. त्यासाठी संपादनापूर्वी गती स्थिर करून घ्यावी. भारतात विद्युत् पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्झ असल्याने अनेक दिवे सेकंदास १०० वेळा मंद–तेज होतात. सेकंदास ३० चौकटी व साठांश सेकंदाचे प्रकाशदर्शन ठेवल्यास मांडवातील रोषणाईत आडवे पट्टे सरकताना दिसतात. २५ चौकटी व पन्नासांश किंवा शतांश सेकंदाचे प्रकाशदर्शन ठेवल्यास हा दोष टळतो. चित्रणाच्या वेळी घेतलेली ही काळजी संपादनातील अनेक तासांचे श्रम वाचविते.

जतन : काम पूर्ण झाल्यावर तीन गोष्टी जपाव्यात : मूळ फीत, हानिरहित अंकीय नोंद व पाहण्याची संपादित प्रत. फिती उभ्या, कोरड्या व थंड जागी, ध्वनिवर्धकासारख्या चुंबकीय साधनांपासून दूर ठेवाव्यात. अंकीय नोंदीच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या गावी असाव्यात. एक गावाकडे व एक नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस असलेल्या नातलगाकडे, अशी वाटणी सोयीची पडते. प्रसंग, स्थळ, वर्ष व दिसणाऱ्या व्यक्तींची नावे लिहून ठेवावीत, कारण ती ओळखणारी माणसेही कायम राहत नाहीत. गोंगाट-निवारण व रंगदुरुस्ती यांच्या पद्धती सतत सुधारत असून आजची संपादित प्रत पुढे अपुरी वाटण्याची शक्यता आहे. हानिरहित मूळ नोंद हाती असेल, तरच हे काम नव्या साधनांनी पुन्हा करता येते. ती नसेल, तर आज केलेली चूकच पुढील पिढ्यांसाठी मूळ प्रत ठरते.